गरम डाळ, थप्पड आणि त्यानंतरची माफी

ताई, बाकीचं नंतर वाचा. आधी हॉटेलात जाऊन डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, बघा. घटना बारा दिवसांपूर्वीची आहे असं तुम्ही लिहिलंय. आपल्यासारख्या हॉटेलांतल्या यंत्रात बहुतेक पंधरा दिवस ते महिनाभराचंच चित्रण राहतं. जागा संपली की जुन्यावर नवं चढतं, कुणी मुद्दाम पुसावं लागत नाही. त्या रात्रीचं साडेदहा ते साडेबारा, सगळ्या कॅमेऱ्यांचं, आजच उतरवून घ्या. जमलं तर ती हार्ड डिस्कच काढून बंद पाकिटात ठेवा, पाकिटावर तारीख टाकून दोघांच्या सह्या घ्या आणि यंत्रात नवी डिस्क बसवा. उतरवलेलं चित्रण कोर्टात चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ डिस्क हाताशी असली की ते काम सोपं होतं.

आता तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या हॉटेलातल्या कुणाला वाचायला मिळालं तरी संदर्भ कळेल. तुम्ही इंदूरला विजय नगर भागातल्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये फ्लोअर सांभाळता. शनिवारी रात्री अकरा-वीसला पाच जणांच्या टेबलावर बिलावरून वाद झाला. पाण्याच्या बाटलीचे जास्त पैसे का, आणि सर्व्हिस चार्ज का, असे दोन मुद्दे. खरगोनकडचा बावीस वर्षांचा वेटर समजावत होता. त्यातल्या एकाने टेबलावरची गरम डाळीची वाटी त्याच्या हातावर फेकली आणि वर एक थप्पड दिली. सेठ गल्ल्यावरून आले. त्यांनी मुलाला हात जोडून माफी मागायला लावली आणि दोन हजार तीनशे चाळीसचं बिल सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी मुलगा सामान घेऊन गावी गेला. तुम्ही विचारता, त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, आता काही करता येतं का, आणि सेठ म्हणतात तसा बाउन्सर ठेवावा का.

मी १९९१ साली सरवटे बस स्टँडजवळ हॉलमध्ये ताट उचलायला लागलो. पुढे कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, झालो, मॅनेजर झालो, आणि गेली बारा वर्षं हॉटेलांच्या स्टाफला शिकवतो. टेबलावर हात उचलला गेला अशा प्रसंगी मी स्वतः हजर होतो किंवा नंतर बोलावला गेलो, असे पन्नासेक प्रसंग तरी असतील. त्यांतून एक गोष्ट मला पक्की कळली आहे, आणि ती तुमच्या सेठना आवडणार नाही. मार खाल्लेला मुलगा नोकरी सोडतो तो माराने नव्हे, त्यानंतरच्या माफीने. आणि मारणारा परत येतो तोही त्या माफीमुळेच.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. २००३ साली मी एका हॉटेलात मॅनेजर होतो. एका ग्राहकाने रोटी उशिरा आली म्हणून तंदूरवरून आलेल्या पोराच्या तोंडावर पाण्याचा ग्लास रिकामा केला. मी धावत गेलो आणि पोराला म्हणालो, ‘सॉरी बोल.’ तो बोलला. मला वाटलं, मी हॉल वाचवला. महिन्याच्या आत तोच ग्राहक परत आला, त्याच टेबलावर बसला, आणि या वेळी दुसऱ्या मुलाची कॉलर धरली. मी पुढे गेलो तेव्हा हसून मला म्हणाला, ‘भिया, बुलाओ, सॉरी बुलवाओ.’ त्याला आमच्याकडची पद्धत कळली होती, आणि ती मीच त्याला शिकवली होती. पहिल्या पोराचं नाव मला आजही आठवतं. नंतर तो कुठे गेला, ते कळलं नाही.

आता त्या रात्रीकडे येऊ. तुमचं बिल जरा नीट वाचलं तर दिसेल की तो ग्राहक एका मुद्द्यावर चुकीचा होता आणि दुसऱ्यावर बरोबर. बाटलीचं बघा. बसून खाण्याच्या हॉटेलात पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. तिथे नुसती विक्री नसते, जागा आणि सेवाही असते, हे त्यामागचं कारण. पण सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती कायम ठेवली. म्हणजे त्या टेबलावर बावीस वर्षांचा पोरगा सेठच्या चुकीची बाजू लढवत होता, आणि बिलात फेरफार करायचा अधिकारही त्याला नव्हता. डाळ फेकायला हे कारण होत नाही, कधीच होणार नाही. पण तुम्ही प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाय, म्हणून उत्तरही पूर्ण देतो: ज्याच्या हातात निर्णय नाही त्याला वादाच्या तोंडी उभं करणं, हे हॉटेलांतल्या मारामाऱ्यांचं सगळ्यांत मोठं कारण आहे. सर्व्हिस चार्जची ओळ आजच काढा. बाटलीची किंमत मेनूत पहिल्या पानावर ठळक छापा. जीएसटी पाच टक्के, तोही तिथेच लिहा. आणि नियम करा की बिलाच्या वादात वेटर एकच वाक्य बोलेल, ‘सर, मी कॅप्टनना बोलावतो,’ आणि लगेच निघेल.

याहून वाईट एक पद्धत आहे. तुमच्याकडे आहे की नाही, मला माहीत नाही, पण विचारतो. ग्राहक पैसे न देता गेला तर ते पैसे वेटरच्या पगारातून कापतात का? आपल्या शहरात हे कितीतरी ठिकाणी चालतं. मुलगा दरवाज्यात आडवा होतो, गाडीमागे पळतो, कुणाचा हात धरतो, तो शूर असतो म्हणून नाही, त्याचे तीन दिवसांचे पैसे जाणार असतात म्हणून. मग पार्किंगमध्ये त्याला चौघे मिळून मारतात आणि सेठ म्हणतात, तू बाहेर गेलासच का? अशी कपात कायद्यात बसत नाही. नुकसान कामगाराच्या निष्काळजीपणाने झालं असेल आणि त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच पगाराला हात लावता येतो. पळून गेलेलं बिल हा धंद्याचा खर्च आहे. हे वाक्य सेठच्या तोंडून, सगळ्या स्टाफसमोर, एकदा निघू द्या. निम्म्या झटापटी तिथेच थांबतील, हे मी अनुभवाने सांगतो.

त्या क्षणी काय करायचं, ते आता सांगतो.

माणूस अचानक मारत नाही. आधी आवाज चढतो, मग ‘तू मुझे जानता नहीं’ येतं, मग बोट नाचतं, मग खुर्ची मागे सरकते. खुर्ची मागे सरकली की तुमच्याकडे फार तर दहा-पंधरा सेकंद असतात. त्या आधी टेबलावर माणूस बदलायला हवा. जो वेटर वाद ऐकत होता त्याने तिथून निघायचं आणि दुसऱ्याने जायचं, शक्यतो वयाने मोठ्याने. आम्ही यासाठी एक खुणेचं वाक्य ठेवलं होतं: ‘सात नंबरला जिरावन द्या.’ जिरावन हा मसाला, सकाळच्या पोह्यांवर घालायचा. रात्री पनीर-रोटीच्या टेबलावर तो कोण मागणार? ते ऐकलं की कॅप्टनने हातातलं टाकून सात नंबरकडे जायचं, दुसऱ्याने सहा हात मागे उभं राहून नजर ठेवायची आणि तिसऱ्याने शेजारच्या टेबलावरची गरम भांडी हळूच उचलायची. गरम भांडी आधी. सूप, डाळ, सिझलरची प्लेट, चहाची किटली. काचेचे ग्लास नंतर. तुमच्या मुलाचा हात त्या वाटीमुळे भाजला, आणि ती वाटी पाच मिनिटांपूर्वी उचलता आली असती.

उभं कसं राहायचं, हेही शिकवावं लागतं. समोरासमोर छाती करून नाही, थोडं तिरकं. हात पुढे छातीच्या उंचीला, तळवे उघडे. तसे हात वार अडवायला तयार असतात आणि दिसायला नम्र दिसतात. अंतर दोन हातांचं. ग्राहकाला स्पर्श करायचा नाही, खांद्यावर थोपटायचंही नाही. पिलेल्या माणसाला ते धक्क्यासारखं वाटतं. आणि ‘शांत व्हा’ म्हणायचं नाही. आजवर ते ऐकून कुणी शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. त्याऐवजी नेमकी गोष्ट बोला: ‘सर, सर्व्हिस चार्ज काढतो. बाटलीचं मेनूत दाखवतो. गल्ल्यावर या, नाहीतर नवं बिल इथे आणतो.’ दोन पर्याय दिले की माणसाचं डोकं निवडण्यात गुंततं.

पाच जणांच्या टेबलावर एक जण नेहमी सावध असतो. गाडी चालवणारा, किंवा ज्याने बोलावलंय तो, किंवा घरी जायची घाई असलेला. तो नजर चोरत असतो, मित्राची बाही ओढत असतो. त्याच्याशी बोला, ओरडणाऱ्याशी नाही. ओरडणारा तुमच्यासाठी ओरडतच नसतो, तो त्या चौघांसाठी ओरडतो. प्रेक्षक कमी झाले की आवाज उतरतो, म्हणून गल्ल्यावर बोलवायचं, बाहेर हवेत न्यायचं, दोघांनाच. तुम्ही एकट्या बाई असाल तर पार्किंगमध्ये कधीही जाऊ नका. आणखी एक गोष्ट मला तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. सेठ लोकांना एक सवय असते: ‘मॅडमला पाठवा, बाई समोर आली की गप्प होतात.’ काही गप्प होतात. काही होत नाहीत, आणि मग जे बोलतात ते आयुष्यभर लक्षात राहतं. तुम्हाला ढाल म्हणून पुढे करण्याचा अधिकार कुणालाही नाही. सुरक्षित कामाची जागा देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की त्यात कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितताही येते. ग्राहक बाहेरचा माणूसच. बाईला तक्रार करायची असेल तर मालकाने तिला मदत करायची, हेही त्याच कलमात आहे. हे मी सेठ लोकांना वाचून दाखवतो तेव्हा बरेच जण पहिल्यांदाच ऐकत असतात.

किचनबद्दल एकच नियम, पण तो लोखंडाचा: हॉलमध्ये काहीही झालं तरी किचनमधून कुणीही हातात काही घेऊन बाहेर यायचं नाही. झारा नाही, बेलणं नाही, सुरी तर नाहीच. आपल्या पोराला मारलं म्हणून कारीगर, म्हणजे स्वयंपाकी लोक, धावून येतात, त्यांचं प्रेम मला कळतं. पण त्या एका झाऱ्याने सगळं पालटतं. समोरचा पहिला ठाण्यात पोहोचतो, त्याच्या डोक्यावर टाके असतात, आणि मार खाल्लेला तुमचा मुलगा क्रॉस केसमध्ये, म्हणजे समोरच्याने केलेल्या उलट तक्रारीत, आरोपी होतो. स्वतःचा बचाव करायचा हक्क कायद्याने दिलाय, पण तो बचावापुरता. माणूस दाराकडे वळल्यावर मागून मारलेला फटका त्यात बसत नाही. किचनच्या दाराला आतून कडी हवी, म्हणजे ग्राहक आत घुसणार नाही.

मार बसलाच तर? तुमच्या मुलाचा हात भाजला होता. भाजलेला भाग ताबडतोब वाहत्या गार पाण्याखाली धरायचा, पूर्ण वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. तो पाण्याजवळ असताना दुसऱ्याने ११२ लावायचा. मग दवाखाना, आणि डॉक्टरांना ‘पडलो’ किंवा ‘सांडलं’ असं सांगायचं नाही. ‘ग्राहकाने गरम डाळ फेकली’ असं सांगायचं, म्हणजे एमएलसी, पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, होते. एमवायला, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, गेलात तर तिथे हे रोजचं काम आहे. शर्ट धुवायचा नाही. आणि शेजारच्या टेबलावर जे कुटुंब जेवत होतं त्यांच्याकडे हात जोडून फोन नंबर मागायचा. हात जोडायचेच असतील तर इथे जोडावेत. दहापैकी तीन-चार जण देतात, आणि स्टाफच्या साक्षीपेक्षा त्यांच्या साक्षीला वजन जास्त असतं.

आता कायद्याचं, कारण तुम्ही लिहिलंय की ठाण्यात कुणीतरी सेठना सांगितलं, ‘किरकोळ आहे, अदम चेक कटेल,’ म्हणजे पोलिस स्वतःहून तपास करत नाहीत अशी अदखलपात्र नोंद होईल. नुसत्या थपडेचं ते खरं आहे. साधी मारहाण, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं ३२३. पण तुमच्याकडे नुसती थप्पड नाही. कलम ११८(१) वाचा: हत्याराने, आगीने किंवा तापलेल्या पदार्थाने इजा केली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. चुलीवरून उतरलेली डाळ हा तापलेला पदार्थ आहे. अर्जात ‘डाळ फेकली’ एवढंच लिहिलं तर तो वाद ठरतो. ‘उकळती डाळ फेकली, उजव्या हाताला फोड आले’ असं लिहिलं तर कलम बदलतं. म्हणून तर डॉक्टरांचा कागद हवा. अर्ज हिंदीत लिहा, शिव्या जशाच्या तशा लिहा. ‘अश्लील गालियां दीं’ असं मोघम लिहिलं की कलम २९६ कोर्टात टिकत नाही. लाज वाटते, मला कळतं. तरी लिहा. धमकी दिली असेल तर तेच शब्द, कलम ३५१ साठी. जात काढून बोलला असेल आणि मुलगा अनुसूचित जाती-जमातीचा असेल, तर ते वेगळं ठळक लिहा. लोकांसमोर केलेला तसा अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात येतो. निमाड-झाबुआकडची कितीतरी आदिवासी मुलं आपल्या हॉटेलांत काम करतात आणि रोज हे ऐकतात.

ठाण्यात तक्रार घेतली नाही तर वरिष्ठ अधिकाऱ्याला लेखी, डाकेने पाठवता येते आणि त्यापुढे मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ त्यासाठीच आहे. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे लगेच एफआयआर झाली नाही म्हणून घाबरू नका, पण अर्जाची पोच घ्या. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. बारा दिवस उलटले म्हणून दार बंद झालेलं नाही. उशीर का झाला तेवढं खरं लिहा. मुलाला माफी मागायला लावली आणि तो घाबरून गावी गेला, हेच खरं कारण आहे आणि ते लिहायला कुणी लाजू नये. मारणारा कोण, हे कळत नाही म्हणाल, तर यूपीआयचा व्यवहार बघा, टेबल बुक केल्याचा फोन बघा, पार्किंगच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर बघा. बिल सोडल्यामुळे पैशाचा व्यवहार नसेल, पण बहुतेक वेळा आधीच्या कुठल्या तरी रात्री त्याने पैसे दिलेले असतात.

एक गोष्ट सेठना नक्की सांगा. साध्या मारहाणीत तडजोड होऊ शकते, पण ती करण्याचा हक्क कायद्याने फक्त ज्याला मार बसला त्याला दिला आहे. सेठना नाही, मॅनेजरला नाही, ग्राहकाच्या ओळखीच्या नगरसेवकालाही नाही. त्या रात्री सेठनी ज्या गोष्टीची तडजोड केली ती त्यांची नव्हतीच. मुलाला केस करायची नसेल तर ती त्याची मर्जी, आणि त्याचा मान राखा. गरीब माणसाला खरगोनहून तारखांना येणं काय असतं, ते मी पाहिलं आहे. पण विचारायचं त्यालाच.

खर्चाचं चटकन सांगतो. दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांची राज्य विमा योजना, लागू आहे, पगार २१,००० पर्यंत असलेल्यांना. मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचे पाऊण टक्का. कामावर असताना झालेल्या इजेने काम बंद पडलं तर सरासरी मजुरीच्या नव्वद टक्के मिळतात, आणि नंदा नगरला ईएसआयचं रुग्णालय आहे. अपघाताचा अहवाल मालकाने भरायचा असतो. ग्राहकाने केलेला हल्लाही कामामुळे आणि कामाच्या वेळी झालेली इजाच आहे. ईएसआय नसेल तर औषधाचे पैसे आणि बसलेल्या दिवसांचा पगार सेठनी द्यायचा, सरळ.

बाउन्सरचं माझं मत नाही असं आहे. काळा टी-शर्ट, फुगलेले दंड बघून चार पोरं जोर आजमावायला येतात, आणि कुटुंबं दुसरीकडे वळतात. त्यापेक्षा शनिवारी रात्री दारावर पन्नाशीचा शांत माणूस ठेवा, परवाना असलेल्या एजन्सीकडून, ज्याला आत येणाऱ्याची चाल बघून कळतं. आणि एक नोंदवही ठेवा: कुणी, कधी, काय केलं. ज्याने हात उचलला त्याला पुढच्या वेळी दारातच नम्रपणे ‘आज जागा देऊ शकत नाही’ म्हणा. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान बघून नाकारणं घटनेच्या कलम १५ ने वर्ज्य केलंय. वागणूक बघून नाकारणं वर्ज्य नाही.

वेळेचाही विचार करा. २०२२ साली इंदूरच्या बीआरटीएस या खास बसमार्गाच्या साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी मिळाली, आणि २०२४ मध्ये ती काढून घेतली गेली. त्या काळात मी तीन हॉटेलांच्या रात्रपाळीला शिकवत होतो. एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशात दारूच्या दुकानांजवळचे अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद झाले, तेव्हापासून गाडीत पिऊन मग जेवायला येणारी टेबलं मला तरी जास्त दिसली. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात दोन वाजता गर्दी असते, पण तिथे माणूस उभ्याने भुट्ट्याचा कीस खातो, पैसे देतो आणि पुढे सरकतो. बसलेलं, वाट बघणारं, पिलेलं टेबल वेगळं. रात्री साडेदहानंतर आलेल्या टेबलाला पापड-सॅलड पाच मिनिटांत द्या, वेळ खरी सांगा, आणि त्या तासांत हॉलमध्ये नवखा मुलगा एकटा ठेवू नका. रंगपंचमीच्या गेरेचा, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचा, दिवस, ३१ डिसेंबर आणि होळकर स्टेडियमवरच्या मॅचची रात्र यांना वेगळी ड्युटी लावा. सलग बारा तास उभा राहिलेला मुलगा नम्र राहू शकत नाही, त्याला दोष देऊ नका.

सेठ म्हणतात, ग्राहक देव. मी त्यांच्याच पिढीचा, याच धंद्यात वाढलो; ‘अतिथी देवो भव’ म्हणतच ताटं वाढली. पण त्या मुलाची आई खरगोनला कुठल्या तरी देवापुढे हात जोडून सांगते की पोरगं इंदूरला बड्या हॉटेलात आहे, सुखरूप ठेव. तिचा भरवसा तुमच्या हॉटेलवर आहे.

आता उद्याचं. मुलाला फोन तुम्ही करू नका, सेठना करायला लावा, आणि तुम्ही शेजारी बसा. पहिलं वाक्य ‘कधी येतोस’ हे नको. पहिलं वाक्य: ‘त्या रात्री माझं चुकलं.’ मग हात कसा आहे, डॉक्टरला दाखवलं का, पैसे किती लागले. त्या महिन्याचा पूर्ण पगार आणि औषधाचे पैसे त्याच दिवशी त्याच्या खात्यात, तो परत येवो न येवो. मग सांगा की चित्रण जपून ठेवलंय, तक्रार करायची असेल तर हॉटेल सोबत येईल, वकिलाचा आणि येण्या-जाण्याचा खर्च हॉटेलचा; नको असेल तरी काही हरकत नाही. गावच्या दवाखान्यात दाखवलं असेल तर तो कागद फोनवर मागवून घ्या. तो आला तर त्याला पहिल्या दिवशी हॉलमध्ये उभं करू नका, आणि सगळा स्टाफ जमवून सेठनी जे फोनवर म्हटलं ते तिथे परत म्हणावं, कारण माफीही सगळ्यांसमोरच मागायला लावली होती.

डिस्क निघाली की मला कळवा. अर्जाचा मसुदा आपण मिळून हिंदीत लिहू.